सामानाचा रस्ता, माणसांचा रस्ता
मुंबईच्या उपनगरातून कोकणात कायमचे जाताना

मुंबईतील बिऱ्हाड हलवून कायमचे गावी जाणे ही गोष्ट आपल्या कोकणी मुस्लिम घरांना नवीन नाही. जहाजावरची नोकरी संपली, आखातातून परत आलो, मुलांची लग्ने झाली, की रायगड-रत्नागिरीतल्या वडिलोपार्जित घराची कौले पुन्हा नीट लावली जातात. अलीकडे यात आणखी एका कारणाची भर पडली आहे, ती म्हणजे इमारतींचा पुनर्विकास. अंधेरी, जोगेश्वरी, घाटकोपर, मुलुंडकडच्या जुन्या सोसायट्या एकामागून एक रिकाम्या होत आहेत. बिल्डर भाडे देतो, काही वर्षांनी नवे घर मिळेल असे सांगतो. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसांनी तोपर्यंत या भाड्याच्या घरातून त्या भाड्याच्या घरात का हिंडावे? मग ठरते की, "चला, आपल्या वतनाला जाऊ."

आमच्या घरातही गेल्या उन्हाळ्यात हेच ठरले. अंधेरी पूर्वेची खोली मे महिन्याच्या अखेरीपर्यंत रिकामी करून द्यायची होती. अब्बांचे वय शहात्तर, दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला. अम्मीचे दोन्ही गुडघे दुखरे. जायचे होते चिपळूण तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावी. बांधाबांध सुरू झाली आणि पहिला वाद उभा राहिला तो रस्त्याचा. कोणी म्हणाले, मुंबई-गोवा महामार्गाने सरळ जा. कोणी म्हणाले, छे, पुण्यावरून फिरून जा, रस्ता मखमलीसारखा आहे. मोबाइलचा नकाशा दर तासाला वेगळे उत्तर देत होता. महिनाभर चौकशी करून, कागदावर हिशेब मांडून आम्ही जे ठरवले, ते इतर घरांनाही उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे लिहीत आहोत.

पूर्वी समुद्र, मग सडक

आमच्या आजोबांच्या पिढीला रस्ता निवडावा लागत नसे. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट निघे आणि दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरे घेत जाई. पावसाळ्यात ही वाट बंद. समुद्र खवळला तर काय होते हे १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेल्या 'रामदास' बोटीने दाखवले. त्या एका दिवसात सहाशेहून अधिक माणसे बुडाली. पुढे एसटी आली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि समुद्राची वाट मागे पडली. पण बिऱ्हाड रेल्वेच्या डब्यात मावत नाही. कपाटे, पलंग, फ्रिज, शिलाई मशीन, लग्नातली तांब्याची देग, हे सगळे सडकेनेच न्यावे लागते.

तीन वाटा

उपनगरातून चिपळूणकडे जायला मुख्यतः तीन वाटा आहेत.

पहिली, राष्ट्रीय महामार्ग ६६. जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'सतरा नंबर' आहे. पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड, पोलादपूर, खेडचा भरणे नाका, लोटे आणि परशुराम घाट उतरून चिपळूण. अंधेरीहून अंतर सुमारे २५० किलोमीटर. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि ते किती रखडले हे कोकणातल्या प्रत्येक माणसाला पाठ आहे. इंदापूर आणि माणगावच्या बाजारपेठेतली कोंडी तर प्रसिद्धच आहे. पण महाडच्या पुढचे चित्र बदलले आहे. पोलादपूर आणि खेड यांच्यामधला कशेडी घाट पूर्वी भरलेल्या गाडीची परीक्षा पाही. २०२३ च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर तेथील बोगद्यातून लहान वाहने सोडायला सुरुवात झाली आणि घाटाचा त्रास कमी होत गेला.

दुसरी, पुण्यावरून. द्रुतगती मार्गाने पुणे, तिथून सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून थेट चिपळूणचा बहादूरशेख नाका. अंतर सुमारे ३९० किलोमीटर. रस्ता बराचसा चांगला, पण खालापूर, तळेगाव, खेड-शिवापूर आणि आनेवाडी असे चार टोल. शिवाय बोरघाट आणि खंबाटकी चढायचे आणि शेवटी कुंभार्ली उतरायचा. म्हणजे माणगावची कोंडी चुकवण्यासाठी तीन घाट पत्करायचे.

तिसरी वाट या दोन्हींच्या मधली. द्रुतगती मार्गाने खोपोलीपर्यंत जायचे आणि तिथून पालीमार्गे वाकण फाट्यावर महामार्ग ६६ धरायचा. पेण-वडखळचा भाग यात टळतो. सुट्ट्यांच्या गर्दीत ही वाट बरी पडते. मात्र पुढचे कोलाड-माणगाव टळत नाही.

ताम्हिणी घाटाचे नावही काही जण घेतात. ती वाट मुळात पुण्याहून माणगावला उतरणाऱ्यांची. मुंबईच्या माणसाने आधी सह्याद्री चढून मग ताम्हिणीची वळणे उतरणे, आणि तेही सामानाच्या गाडीने, यात काही लाभ नाही.

हिशेब कागदावर मांडा

शाळेत आम्ही मुलांना सांगतो की उदाहरण तोंडी सुटत नसेल तर कागदावर लिहा. इथेही तेच केले. दुसऱ्या वाटेचा वळसा १४० किलोमीटरचा. टेम्पो लिटरला दहा किलोमीटर जातो असे धरले तर चौदा लिटर डिझेल जास्त. त्यात चार टोल, आणि चालकाचे तीन-चार तास. हे सगळे भाड्यात येते. याउलट पहिल्या वाटेवर कोंडीत दोन तास गेले, तरी टेम्पो घाटात नसतो, कडेला उभा राहू शकतो.

घाटाचा मुद्दा आम्हाला एका चालक चाचांनी समजावून सांगितला. ते म्हणाले, "सर, आधी सांगा, माल पोहोचवायचा आहे की शोकेसची काच पोहोचवायची आहे? माल कुठूनही पोहोचेल." भरलेली गाडी चढताना फक्त वेळ खाते, पण उतरताना ब्रेक तापतात. म्हणून जाणता चालक ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरतो. आणि प्रत्येक वळणावर मागचे सामान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ढकलले जाते. दोर कितीही आवळलेला असला तरी कपाटाच्या बिजागऱ्यांना ते कळते.

सामानासाठी आम्ही पहिली वाट ठरवली.

उपनगरातून बाहेर पडणे

लांबचा रस्ता ठरवताना लोक पहिले तीस किलोमीटर विसरतात. खरे तर निम्मा वैताग तिथेच असतो. अंधेरीकरांना घाटकोपरला येऊन घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याने वाशी पूल गाठता येतो, पुढे सायन-पनवेल महामार्ग. मुलुंडकरांना ऐरोली पूल हाताशी आहे, तिथून ठाणे-बेलापूर रस्त्याने खाली यायचे. बोरिवलीकरांपुढे दोन पर्याय. एक जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने पूर्वेला येऊन ऐरोली पूल, दुसरा घोडबंदर, ठाणे, मुंब्रा बायपास, शिळफाटा, कळंबोली. हा दुसरा रस्ता अवजड वाहनांचा आहे. गायमुखजवळ एक ट्रक बंद पडला की तास गेलाच समजा. अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला, पण तो शिवडीहून निघतो. उपनगरातल्या माणसाने आधी दक्षिणेला शिवडीपर्यंत जायचे आणि वर टोलही भरायचा. दक्षिण मुंबईकरांसाठी तो सोयीचा, आमच्यासाठी वळसा.

मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोल माफ आहे, अवजड मालवाहू गाड्यांना नाही. शिवाय सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी अवजड वाहनांवर शहरात निर्बंध असतात. तेव्हा आपला टेम्पो कोणत्या वर्गात मोडतो हे मालकाला आधीच विचारावे. फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना, हेही विचारावे. नाहीतर जादा टोल लागतो आणि तो नंतर आपल्याच बिलात दिसतो.

आंब्याचा टेम्पो

आता एक उपयोगाची गोष्ट. एप्रिल-मे महिन्यांत कोकणातून आंब्याच्या पेट्या भरलेले टेम्पो रात्रीचे निघून पहाटे वाशीच्या बाजारात येतात. माल उतरला की परत जाताना त्यातले बरेच रिकामे असतात. अशा टेम्पोवाल्याला परतीचे भाडे मिळाले तर तो शहरातल्या टेम्पोपेक्षा कमी पैशात सामान नेतो. शिवाय त्याला रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा माहीत असतो, आणि गावातल्या अरुंद गल्लीत गाडी कशी वळवायची हेही.

पण यात एक धोका आहे आणि तो पैशांपेक्षा मोठा आहे. हा माणूस आदली रात्र जागलेला असतो. दिवसभर आपले सामान भरायला उभा राहिला आणि रात्री पुन्हा निघाला, तर ती त्याची दुसरी रात्र. आम्ही भाडे ठरवताना एकच अट घातली की चाचांनी दुपारी आमच्या शेजाऱ्यांच्या खोलीत पंख्याखाली चार-पाच तास झोपायचे. सामान हमाल आणि घरातली मुले भरतील. ते आधी संकोचले, मग जेवून असे झोपले की असरनंतरच उठले. टेम्पो इशानंतर दहा वाजता निघाला. भाचा पुढे केबिनमध्ये चाचांशी बोलत बसला. बोलायला माणूस असणे हेही सुरक्षिततेचे साधन आहे.

मागे सामानावर माणसे बसवून नेण्याची जुनी सवय काही घरांत अजून आहे. ती सोडावी. कायद्याला ते मान्य नाही, आणि अपघात झाला तर भरपाई मिळणे कठीण. क्षमतेपेक्षा जास्त माल भरला तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार २० हजार रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २ हजार. एका मोठ्या खोलीच्या संसाराला छोटा हत्ती पुरत नाही. दोन खेपांपेक्षा ४०७ किंवा चौदा फुटी आयशरची एकच खेप परवडते. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. तरीही सामानाची यादी, आधार कार्डाची प्रत आणि सोसायटीचे पत्र चालकाजवळ ठेवावे. रात्री कोणी अडवले तर दोन मिनिटांत गाडी सुटते.

भरताना जड वस्तू पुढे, केबिनच्या पाठीशी आणि खाली. फ्रिज उभाच ठेवायचा आणि आदल्या दिवशी बंद करून कोरडा करायचा. गॅसचा भरलेला सिलिंडर सामानात नेऊ नये. एजन्सीकडे जमा करून कागद घ्यावा आणि गावच्या एजन्सीत तो दाखवावा. मे महिना असला तरी ताडपत्री हवीच, वळवाचा पाऊस विचारून येत नाही. कुरआन शरीफ, घराची कागदपत्रे, दागिने आणि औषधे टेम्पोत ठेवू नयेत, ती आपल्या हातात असावीत.

माणसांचा रस्ता

सामानाला गुडघे नसतात, माणसांना असतात. टेम्पोसाठी बरा असलेला रस्ता आणि वेळ म्हाताऱ्या माणसांसाठी बरी असेलच असे नाही. अब्बा म्हणाले, "सामान उशिरा पोहोचले तर चटईवर झोपू. तुमच्या अम्मीला मात्र गाडीत ताटकळत ठेवू नका." त्या वाक्याने आमचा प्रश्न निम्मा सुटला. सामान रात्री आणि माणसे दुसऱ्या दिवशी फज्रनंतर, अशी विभागणी केली. धाकट्या भावाने गाडी चालवली. शुक्रवार-शनिवार टाळून मधला वार घेतला, कारण मे महिन्यात चाकरमान्यांची गर्दी शुक्रवारी रात्रीच सुरू होते. ईदच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि गणपतीचा आठवडाही असाच टाळावा. गणपतीत तर या महामार्गावर अवजड वाहनांना बंदीच घातली जाते.

गाडीत खाली वाकून बसावे लागत नाही ना, पाय लांब करता येतात ना, हे आधी पाहिले. अम्मीला पुढची सीट दिली. दर दीड तासाने थांबायचे आणि पाच मिनिटे चालायचे, असा नियम केला. या रस्त्यावर स्त्रियांच्या दृष्टीने सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे स्वच्छ प्रसाधनगृह. बुरखा घातलेल्या, गुडघे न वाकणाऱ्या बाईला कमोड असलेली जागा लागते. म्हणून नकाशावर आम्ही आधी थांबे निवडले आणि मग त्यांच्या मधला रस्ता पाहिला. मोठे पेट्रोल पंप आणि नवी हॉटेले बरी. आधी आत जाऊन पाहायचे, मग अम्मीला उतरवायचे. बायका संकोचाने पाणी पीत नाहीत आणि उन्हात त्यांना चक्कर येते. अम्मीला ते परवडणारे नव्हते. थांबा नक्की असला की घोटभर पाणी निश्चिंत पिता येते.

पनवेल, महाड, खेड या गावांत मशिदी आहेत, पण स्त्रियांसाठी वुजूची आणि नमाजाची सोय सगळीकडे असतेच असे नाही. प्रवाशाला नमाजात सवलत आहे, तिचा तपशील आपल्या मसलकाप्रमाणे निघण्यापूर्वी इमामसाहेबांना विचारून घ्यावा. कोकणात बहुतेक घरे शाफई आहेत, मुंबईत सासर-माहेर मिळून हनफीही असतात. गाडीत बसून त्यावर वाद नको.

अल्हम्दुलिल्लाह, जोहरच्या आधी आम्ही गावात होतो. टेम्पो पहाटेच पोहोचला होता आणि वाडीतल्या पोरांनी निम्मे सामान उतरवूनही ठेवले होते. शोकेसची काच शाबूत होती.

पावसाळा सुरू झाला तर

पुनर्विकासाची तारीख आपल्या हातात नसते. कोणाला जून-जुलैतही निघावे लागते. त्यांनी हे लक्षात ठेवावे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एसटी बसगाड्या नदीत गेल्या. त्यातली एक राजापूरहून बोरिवलीला येत होती. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर पाण्याखाली गेले आणि महामार्गाची वाहतूकही तुटली. सावित्रीवर आता नवा पूल आहे, रस्ताही रुंद झाला आहे. पण परशुराम घाटात दरडीची भीती असते आणि कुंभार्लीतही असते. मुसळधार पावसाचा इशारा असेल तर बिल्डरची तारीख दोन दिवस पुढे ढकलून घ्यावी. लेखी मागितले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. रात्रीचा घाट आणि पाऊस एकत्र घेऊ नये. पुलावरून पाणी वाहत असेल तर "पुढची गाडी गेली" म्हणून आपली घालू नये. राष्ट्रीय महामार्गाची मदत १०३३ वर, रुग्णवाहिका १०८ वर आणि पोलीस ११२ वर मिळतात.

परतीचा रस्ता

इथवर लिहिलेले सगळे एका दिवसाचे झाले. पण बिऱ्हाड हलवताना रस्ता एका दिवसासाठी निवडायचा नसतो. आमच्या लक्षात ही गोष्ट आली ती अब्बांच्या डॉक्टरांमुळे. अंधेरीला शेवटच्या तपासणीत त्यांनी फाईल हातात देताना विचारले, "तिकडे रात्री छातीत दुखले तर कुठे नेणार?"

आम्ही सर्वांनी एका सुरात म्हटले, "मुंबईला आणू." डॉक्टर काही बोलले नाहीत, फक्त कागदावर अंतर लिहा म्हणाले. २५० किलोमीटर. ज्या दुखण्यात मिनिटे मोजतात त्याला सहा-सात तासांचे उत्तर चालत नाही. मग आम्ही नकाशा पुन्हा उघडला, आणि यावेळी गाव मध्ये ठेवून पाहिला. जवळचे मोठे रुग्णालय सावर्ड्याजवळ डेरवणला, वालावलकर रुग्णालय. त्यापुढचे उपचार लागले तर घाटावर कराडला, कृष्णा रुग्णालय. चिपळूण ते कराड साधारण शंभर किलोमीटर. म्हणजे सामानासाठी लांबची आणि घाटाची म्हणून आम्ही जी कुंभार्लीची वाट नाकारली होती, तीच अब्बांसाठी महत्त्वाची ठरत होती.

म्हणून गावी पोहोचल्यावर आठवड्याभरात आम्ही दोन कामे केली. अब्बांची फाईल घेऊन डेरवणला गेलो आणि तिथे केस पेपर काढून ठेवला, म्हणजे वेळ आल्यावर पहिल्या पानापासून सुरुवात नको. दुसरे, धाकट्या भावाने आणि वाडीतल्या दोन मुलांनी दिवसाउजेडी कुंभार्ली चढून कराडपर्यंत जाऊन पाहिले. वळणे कुठे, पंप कुठे, मोबाइलची रेंज कुठे जाते, पाटणमध्ये रात्री औषधाचे दुकान उघडे असते का, हे सगळे लिहून आणले. अनोळखी घाट रात्री, आजारी माणूस मागे झोपलेला असताना पहिल्यांदा चढावा लागू नये.

ज्या घरांतले आई-वडील गावी आणि मुले मुंबईत, त्या सर्वांना आमची हीच विनंती आहे. सामान कोणत्या रस्त्याने जाईल हे टेम्पोवाला सांगेल. पण दुखणे आले तर कोणत्या रस्त्याने जायचे, गाडी कोणाची, चालवणार कोण, पावसाळ्यात तो रस्ता बंद असेल तर दुसरा कोणता, ही उत्तरे निघण्याआधीच घरात ठरलेली असावीत. भाऊबंदकीतला जुना अबोला असेल तर तोही याच निमित्ताने मिटवावा. रात्री दोन वाजता दार वाजवायचे आहे ते शेजाऱ्याचेच.

आम्ही ही उत्तरे एका कागदावर लिहिली. एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला अम्मीसाठी उर्दूत, मोठ्या अक्षरांत. वर दोन रुग्णालये, त्याखाली दोन रस्ते, त्याखाली वाडीतल्या तीन मुलांचे नंबर आणि १०८. औषधांच्या कपाटाच्या दाराला तो आतून दोरीने टांगला आहे. अब्बा म्हणतात, अल्लाह त्याची गरज न पाडो. आमीन. पण दर महिन्याला औषधे भरताना नंबर चालू आहेत का ते अम्मी स्वतः फोन लावून पाहतात.